आधी तानपुरा ऐकू आला पाहिजे

गेल्या दिवाळीत मिरजेला जाताना मी बाबांसाठी एक पेनड्राइव्ह नेला होता. त्यात आमच्या घरच्या अडतीस कॅसेट होत्या. ब्राह्मणपुरीतल्या आमच्या जुन्या घरात माडीवर बैठका व्हायच्या. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, स्वतः गायचे, आणि उरुसाला दर्ग्यात हजेरी लावायला आलेल्यांपैकी कुणी ओळखीचं निघालं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला यायचं आणि चहाचं गाणं व्हायचं. बाबा कोपऱ्यात टेपरेकॉर्डर लावून बसायचे. त्या सगळ्या कॅसेट मी पुण्याला आणून, रात्री जागून, संगणकावर घेतल्या होत्या. नुसत्या घेतल्या नव्हत्या, त्यांची खरखरही काढली होती.

बाबांनी पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गाणं स्वच्छ आलंय गं. पण तानपुरा कुठाय?"

मी म्हटलं, बाबा, कॅसेट पस्तीस-चाळीस वर्षांची आहे, तेवढं जाणारच. ते काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांचा जुना टेपरेकॉर्डर काढला, तीच कॅसेट घातली आणि बटण दाबलं. खरखर होती, मधेच आवाज लटपटत होता, पण त्या सगळ्याच्या मागे तानपुरा भरून वाजत होता. माझ्या फाइलमध्ये आप्पा एकटेच गात होते, रिकाम्या खोलीत गातायत असे.

चूक कुठे झाली ते मला पुण्याला परत येईपर्यंत कळलं नव्हतं. खरखर काढायला मी ऑडॅसिटी वापरते. त्यात आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडून दाखवायचा असतो, मग ते सॉफ्टवेअर तसा आवाज सगळ्या फाइलमधून काढून टाकतं. मी प्रत्येक वेळी गाणं सुरू होण्याआधीचे चार-पाच सेकंद निवडले होते, कारण तिथे कुणी गात नव्हतं. पण तिथे तानपुरा चालू होता. न थांबता, एकसारखा, बारीक आवाजात. म्हणजे मीच सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की हा कचरा आहे, झाडून टाक.

आणि हे मला अडतीस कॅसेट होईपर्यंत ऐकूच आलं नाही. जागा वाचवायची म्हणून मूळ फाइलही उडवल्या होत्या. हेडफोनबद्दल आज एवढं लिहायला बसले आहे त्याचं कारण हे आहे.

तेव्हा माझ्याकडे होते ते हेडफोन वाईट नव्हते. बिनवायरीचे, बाहेरचा गोंगाट कमी करणारे, बसमध्ये बसून पॉडकास्ट ऐकायला छान. पण त्यांचा बेस फुगवलेला होता. डग्ग्याचा एक घुमारा आला की त्याखाली सगळं बारीक काम झाकून जायचं. गाण्यातलं काय गेलं आणि काय राहिलं, हे त्यातून समजणं अवघड होतं.

तानपुऱ्याचं म्हणाल तर त्याचा सगळा जीव वरच्या स्वरांत आहे. काळी एकला जुळवलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपांवर बोलते आणि जोडीच्या तारा त्याच्या दुप्पट. पण आपण ज्याला तानपुऱ्याची झणकार म्हणतो ती त्या मूळ स्वराची नसते. घोडीचा माथा सपाट पण किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार त्याला एका बिंदूवर न टेकता पृष्ठावर घासत, सुटत, पुन्हा टेकत कंप पावते. त्यातून वरच्या स्वरांची माळ उमटते, पार हजारो हर्ट्झपर्यंत. तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढेमागे केला की ती माळ उघडते किंवा मिटते. ही जवारी. सी. व्ही. रामन यांना या घोडीचं इतकं कुतूहल होतं की १९२१ च्या सुमारास त्यांनी तिच्यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा, येतो तो स्वर नियमाप्रमाणे उमटायला नको, पण तानपुऱ्यात आणि वीणेत तो खणखणीत उमटतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. मिरजेत हे नियम कुणी मांडले नसतील, पण जवारी काढणारा माणूस कान लावून दिवसभर तेच करत असतो.

तर मला हवा होता असा हेडफोन, ज्यात दोरा सरकलेला ऐकू येईल. दुकानात गेले तेव्हा हे एवढंच डोक्यात होतं, आणि तेवढ्यानं फार काम सोपं झालं.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक्सची जी दाटी आहे तिथे मी वायर, पिना घ्यायला नेहमी जाते. हेडफोन मात्र ऐकून बघू देईल अशा दुकानातच घ्यायचा, हे ठरवलं होतं. सोबत लॅपटॉप नेला. त्यात तीन तुकडे होते: आप्पा तानपुरा जुळवतायत असा अर्धा मिनिट, भरपूर खरखर असलेला एक तुकडा, आणि एका विलंबितातला नुसता ठेका. दुकानदार आधी त्यांच्या फोनवरचं गाणं लावत होते. त्या गाण्यात सगळेच हेडफोन छान वाजत होते. मी म्हटलं, दादा, माझं ऐकू द्या. त्यांनी आनंदानं खुर्ची दिली.

तिथे एक गोष्ट शिकले ती सांगते. दोन हेडफोन एकाच आवाजाच्या खुणेवर ठेवून कधी तुलना करू नका. प्रत्येकाची वाजण्याची ताकद वेगळी असते, आणि जो जरा मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. प्रत्येक वेळी आवाज खालीवर करून आप्पांचा षड्ज दोन्हीकडे सारखा भरला की मगच मी तानपुऱ्याकडे कान दिला. त्यानंतर निवड फार झटपट झाली. एकात तानपुरा लांब दुसऱ्या खोलीत गेला. एकात डग्गा सुंदर होता पण वरची झणकार कापसात गुंडाळल्यासारखी. सोनीचा एमडीआर-७५०६ कानावर चढवला आणि दोऱ्याचा तो बारीक 'चिक्' असा आवाज ऐकू आला. नखानं दोरा सरकवला की येतो तो. मी चार वेळा मागे घेऊन ऐकला.

हा हेडफोन नवा नाही. १९९१ पासून स्टुडिओत, रेडिओत, शूटिंगवर वापरतात. बंद पाठीचा, ६३ ओहमचा (हेडफोन विजेला करतो तो अडथळा ओहममध्ये मोजतात), फोनच्या जुन्या दोरीसारखी गुंडाळलेली लांब वायर. वरचे स्वर त्यात जरा पुढे येतात. काहींना ते टोचतं, आणि नुसतं गाणं ऐकत पडायचं असेल तर मीही दुसरं काही सुचवीन. पण दोष शोधायचा असेल तर दोष पुढे आणणाराच हवा.

वायरचा का, हे माझ्या भाचीनं विचारलं होतं. दोन कारणं. ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो आधी दाबून लहान करतात, आणि दाबताना जातं ते बहुतेक याच बारीक जागेतलं. दुसरं म्हणजे उशीर. पडद्यावर रेघ पुढे जाते आणि आवाज मागून येतो, मग नेमकं कुठे कापायचं ते चुकतं. ऑफिसच्या मीटिंगला बिनवायरीचे हेडफोन घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं: त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की बरेचदा सगळा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथ बोलण्याच्या पद्धतीवर जातं आणि ऐकण्याचा दर्जा उतरवतं. संगणकात माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडला की आवाज परत येतो.

बंद पाठ की उघडी पाठ, हा प्रश्न घरावर सोडावा. माझं काम रात्री अकरानंतर, त्याच खोलीत नवरा झोपलेला, आणि खाली सिंहगड रोड. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेरही जातो आणि बाहेरचा आतही येतो. म्हणून आधी बंद घेतला. पण तीन-चार तास बंद हेडफोनमध्ये बसलं की सगळी बैठक कवटीच्या आत चालल्यासारखी वाटते. पाडव्याला सेनहायझरचा एचडी ५६०एस घेतला, उघड्या पाठीचा, आणि त्यात पहिल्यांदा आमची माडी ऐकू आली. आप्पा मधे, तबला त्यांच्या उजवीकडे, कुणीतरी मागे खोकतंय, आणि तानपुरा सगळ्यांच्या पाठीशी. रविवारी दुपारी घर रिकामं असलं की मी तोच लावते. गादी कापडी आहे, कानाला घाम येत नाही. रेक्झिनच्या गाद्या आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत सोलवटतात, मग काळे कपचे गालाला चिकटतात. म्हणून कुठलाही हेडफोन घेण्याआधी त्याच्या सुट्या गाद्या मिळतात का ते विचारून घ्यावं. आणि चष्मा असेल तर चष्मा घालूनच वीस मिनिटं बसून बघावं. दोन मिनिटांत काही कळत नाही.

ओहमचा आकडा बघून पुष्कळ जण गोंधळतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो, आणि जास्त ओहम म्हणजे जास्त भारी असं समजून लोक २५० वाला घेतात. मग तो लॅपटॉपला लावला की आवाज शंभरावर नेऊनही पोट भरत नाही. सरळ लॅपटॉपच्या किंवा फोनच्या जॅकला लावायचं असेल तर कमी ओहमचा घ्यावा. माझा ५६०एस १२० ओहमचा आहे, पण थोड्या शक्तीवर मोठा वाजणारा आहे, त्यामुळे त्याला वेगळा अँप्लिफायर लागला नाही.

आता संगणकाकडची बाजू. इथे मी पैसे उशिरा घातले, आणि आधी घालायला हवे होते.

जुन्या डेस्कटॉपला मागे तीन रंगांची भोकं असायची. गुलाबी माइकचं, हिरवं हेडफोनचं, निळं बाहेरून येणाऱ्या आवाजाचं. टेपचा डेक निळ्याला जोडायचा. आता लॅपटॉपला एकच भोक, त्यात हेडफोन आणि हेडसेटचा माइक दोन्ही. त्यातून आत जाणारी वाट माइकसाठी आणि बहुतेक वेळा एकाच कानाची. डेकचा आवाज माइकपेक्षा कितीतरी जोरदार. तो तिथे घातला की फाटतो, आणि डावं-उजवं एकत्र होतं. सुरुवातीच्या काही कॅसेट मी तशाच घेतल्या होत्या.

दुसरी गोष्ट, लॅपटॉपच्या आतला आवाज. रात्री शांततेत हेडफोन घाला, काही वाजवू नका, आणि माउस फिरवून बघा. माझ्या जुन्या मशीनवर माउस हलला की बारीक 'किर्र' यायची, आणि मोठी फाइल उघडताना तिचा सूर बदलायचा. एवढ्याशा जागेत प्रोसेसर, पंखा, वीज आणि आवाज यांच्या वाटा शेजारून जातात, त्यातलं थोडं थोडं आवाजात झिरपतं. डेस्कटॉप असेल तर पुढच्या जॅकऐवजी मागचा वापरून बघा. पुढच्या जॅकची वायर सगळा डबा ओलांडून येते, त्यामुळे मागचा बहुतेकदा स्वच्छ असतो. याला पैसे लागत नाहीत.

आणि नुसतं ऐकायचंच असेल तर यूएसबीला लावायची छोटी शेपटीसारखी पिन पुरते. अॅपलची आहे, दुसऱ्याही आहेत. आवाजाचं काम त्या पिनेतच होतं, संगणकाच्या पोटात नाही. लोक तिला स्वस्त म्हणून मोजत नाहीत, पण माझ्या कानांनी तिच्यात आणि बऱ्याच महाग डब्यांत फरक काढता आलेला नाही.

मला आवाज आतही घ्यायचा होता म्हणून फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू घेतला. बाहेरचा आवाज संगणकात घेणारी लाल डबी, पुढे दोन बटणं. आवाज बेतात असेल तर त्यांच्याभोवती हिरवं कडं, फाटायला लागला की लाल. डेकच्या दोन वायरी दोन भोकांत, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. बस. हीच डबी हेडफोनही चालवते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घेते, म्हणजे आवाज सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजते. तासाच्या कॅसेटला साधारण एक जीबी लागतो. याहून वरचे ९६, १९२ असले आकडे बघून जास्त पैसे घालू नका, निदान कॅसेटसाठी तरी नाही. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या सावकाश पळते. साध्या फितीवर पंधरा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उरलेलंच नसतं. जिथे आवाज नाही तिथे तो मोजून काय मिळणार?

डबी आली, आणि पहिल्याच रात्री 'घूंऽऽ' सुरू झालं. नव्या हेडफोनमध्ये स्पष्ट. आधीच्या रेकॉर्डिंगमध्येही ते असणार, पण लॅपटॉपच्या स्पीकरवर मला कधी कळलं नव्हतं. ते इवलेसे स्पीकर इतक्या खालचा आवाज काढूच शकत नाहीत. आप्पांचा खर्जही त्यांच्यातून येत नव्हता, वरच्या स्वरांवरून माझा मेंदूच तो भरून काढत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ही घूं ५० आणि १०० वर असते आणि खर्ज ६९ वर. दोघं शेजारी शेजारी, म्हणजे नंतर एकाला काढायला जावं तर दुसऱ्याला धक्का लागतो. घूं मुळातच यायला नको.

वायर बदलली, डबी दुसऱ्या भोकाला लावली, काही फरक नाही. शेवटी वैतागून लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि क्षणात शांतता. डेक मी बैठकीतल्या अँप्लिफायरमधून जोडला होता. अँप्लिफायरची थ्री-पिन एका भिंतीत, चार्जरची दुसऱ्या भिंतीत. दोघांच्या अर्थिंगमधून आणि मधल्या वायरीतून एक वेटोळं तयार झालं होतं आणि त्यात वीज गुणगुणत होती. अँप्लिफायर मधून काढला, डेक सरळ डबीला जोडला, डेकची आणि चार्जरची पिन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणल्या. घूं गेली ती गेली. यावर उपाय म्हणून अर्थची जाड पिन काढून टाका असं सांगणारे भेटतील. कृपा करून ते करू नका. ती पिन शॉक लागू नये म्हणून असते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून रेकॉर्ड करा, तेवढंही पुरतं.

वैशाखात बाबा पंधरा दिवस पुण्याला राहायला आले. अडतीस कॅसेट पुन्हा घ्यायच्या होत्या, तेव्हा म्हटलं, त्यांनाच शेजारी बसवावं. बाबा एकोणऐंशीचे आहेत. अगदी वरचं, फितीची खरखर वगैरे, त्यांना आता ऐकू येत नाही. त्यामुळे टीव्हीसारखा हेडफोनचाही आवाज वाढवत नेतील अशी मला भीती होती. आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हेडफोन नीट असला की आवाज वाढवावाच लागत नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. बटण त्यांनी स्वतःच कमी केलं.

डेकच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, एक बारीक स्क्रू असतो. फीत ज्या कोनात हेडवरून जाते तो कोन त्यानं बदलतो. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचा कोन आणि वाजवणाऱ्या मशीनचा कोन जुळला नाही की वरचे स्वर मिटतात. डावं-उजवं एकत्र करून ऐकायचं, स्क्रू सावकाश फिरवायचा, आणि आवाज जिथे सगळ्यात उघडेल तिथे थांबायचं. मी स्पिरिटनं हेड पुसून दिलं. बाबांनी ७५०६ कानावर चढवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि छोटा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. डोळे मिटलेले. स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं की आता मिटलंय, आता उघडतंय. जवारी काढतानाही ते असेच बसायचे.

एका ठिकाणी हात थांबला. "हं. हा आप्पा जुळवतोय," ते म्हणाले. "पंचमाची तार तो नेहमी जरा चढी ठेवायचा आणि मग उतरवायचा. ऐक."

मी ५६०एस लावला आणि ऐकलं. तार उतरली. मग दोऱ्याचा तो 'चिक्'.

यावेळी खरखर काढायला घेतलेली नाही. मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवल्या आहेत, आणि काढायचीच झाली तर नमुना कॅसेटच्या अगदी शेवटचा, तानपुरा खाली ठेवल्यानंतरचा घेणार आहे. एकवीस कॅसेट झाल्या आहेत. आमच्या घरी त्या काळात तीन टेपरेकॉर्डर होते आणि प्रत्येकाचा कोन निराळा, म्हणून एकाच मशीनवरच्या कॅसेट बाबांनी कानानं ओळखून वेगळ्या लावल्या. खोक्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, पेन्सिलीनं, त्यांच्या बँकेतल्या अक्षरात: "आप्पाचा मोठा टेप. स्क्रू डावीकडे पाव फेरा."